सैल वीण

सामोआ बेटावरच्या अपिया शहरातल्या दवाखान्यात डॉक्टरांनी फुआतिनोच्या मानेचा एमआरआय पाहिला. मज्जारज्जूवर दाब होता, म्हणून बोटं ऐकत नव्हती.

"हे कधीपासून?"

ती नुसती हसली. डॉक्टरांनी तिनं सोबत आणलेली, नातीच्या लग्नासाठी विणायला घेतलेली चटई उलगडली. "इथून वीण सैल झालीय. एवढं विणायला दोन महिने लागतात, म्हणजे त्रास दोनच महिन्यांचा. ऑपरेशनची घाई नको."

"घाई करा, डॉक्टर." तिचा नवरा पेनियामिना मान खाली घालून म्हणाला, "हिची बोटं थांबली तेव्हापासून चटई वर्षभर पडून होती. ते सैल विणकाम माझं आहे. ही दुपारी झोपली की बसायचो. बायकांचं काम, गावात सांगू नका. हिला वाटायचं, माझी बहीण विणते."

फुआतिनोनं वाकडी बोटं त्याच्या हातावर ठेवली. "मी कुठं झोपत होते? तुमचा हात थांबू नये म्हणून डोळे मिटून पडायचे."