सहा मिनिटं

भिंतीवरच्या पडद्यावर रोलंड प्रूइट स्वतःलाच बघत होता. अमेरिकेतल्या सॅगिनॉ गावातलं त्याचं सलून, खुर्चीत मान खाली घालून बसलेलं गिऱ्हाईक, हातात मशीन आणि तोंडाचा पट्टा सुरू. "सहा मिनिटं! माझा जमेल कॅनडात पगारी खेळाडूंच्या सामन्यात सहा मिनिटं खेळलाय. तुमच्यातल्या कुणाचा पोरगा गेलाय का रे गल्लीच्या बाहेर?" मागे माणसं खिदळत होती. कुणा शहाण्यानं ते मोबाइलवर टिपून जगभर पसरवलं होतं.

व्हिडिओ थांबला. पडद्यावर पुन्हा समितीची तीन तोंडं आली.

"मिस्टर प्रूइट, हे तुम्हीच ना?" मधल्या बाईंनी विचारलं.

"मीच." नाही म्हणायची सोय होती कुठे!

खरं तर तो पोराच्या सुनावणीला नुसता बसायला आला होता. सोमवार, सलून बंद. जमेलच्या वकीलबाईंनी बजावलं होतं, इस्त्रीचा शर्ट घाला, पोराशेजारी बसा आणि तोंड उघडू नका. आठवडाभर उभं राहून पाय भरून आले होते, त्यामुळे बसायला त्याची ना नव्हती. आता तेच बसणं अंगाशी आलं.

कॉलेजच्या बास्केटबॉल संघात जमेलला घ्यायचं की नाही, एवढंच ठरायचं होतं. त्यानं शाळा संपल्यावर कॅनडातल्या एका क्लबशी करार केला, पगार घेतला, तिथवर समितीनं नाक मुरडत का होईना चालवून घेतलं. पण पगारी सामन्यात तो एकदा जरी मैदानात उतरला असेल तर कॉलेजचा संघ विसरायचा. संघ नाही तर फीमाफी नाही, आणि फीमाफी नाही तर कॉलेजही नाही. जमेल म्हणत होता, मी उतरलोच नाही. तो गेल्यावर एकच सामना झाला आणि क्लब बुडाला. मालक परागंदा, कुठे काही नोंद नाही. मागे उरली होती बापाची बडबड.

"मुलगा म्हणतो शून्य, तुम्ही म्हणता सहा," बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. सकाळपासून अशीच प्रकरणं ऐकून त्याही कंटाळल्या असाव्यात. "आम्ही काय धरायचं?"

"मीच त्यांना फोनवर सांगितलं होतं, खेळलो म्हणून," जमेल पुटपुटला. टेबलाखाली गुडघे मावत नव्हते म्हणून तो ताडमाड पोरगा तिरका बसला होता. बापाकडे बघत नव्हता. "खोटं सांगितलं होतं."

"तेव्हा खोटं आणि आज खरं?" डावीकडचा गृहस्थ म्हणाला. "वा! सोयीचं आहे."

वकीलबाई कागद चाळत राहिल्या. रोलंडला सलूनमध्ये आरशाशेजारी टांगलेली जमेलची त्या क्लबची जर्सी आठवली. तीन वर्षं दर गिऱ्हाइकाला तो ती दाखवत आला होता. आता बोललं तर सगळं सॅगिनॉ हसणार. हसू दे, त्याला वाटलं. दमलो बुवा आपण.

"तो उतरला नाही," तो म्हणाला. "मी होतो तिथे."

जमेलनं मान वर केली.

"सोमवार होता. पोराला चकित करू म्हणून गाडी काढली, पूल ओलांडून पलीकडे कॅनडात गेलो. अगदी वर, शेवटच्या रांगेत बसलो." रोलंडनं खिशातून मोबाइल काढला. "सगळा सामना घेतलाय. पहिल्या शिट्टीपासून."

त्यानं मोबाइल कॅमेऱ्यासमोर धरला. व्हिडिओत चेंडू कुठे दिसतच नव्हता. दिसत होता फक्त बाक, आणि बाकाच्या टोकाला जॅकेट घातलेला जमेल.

"पुढे घ्या," बाई म्हणाल्या.

रोलंडनं पुढे सरकवला. तोच बाक, तेच जॅकेट.

"आणखी पुढे."

पुन्हा तेच. कोच बाकाकडे वळला की जमेल बुटांच्या नाड्या आवळायचा, आणि कोच दुसऱ्याच कुणाला उठवायचा. शेवटी शेवटी मोबाइल धरणाऱ्याचाच आवाज यायला लागला, अगदी दबका. "उतरव की रे त्याला. एकदा उतरव." मग सामना संपल्याचा भोंगा वाजला. जमेल जॅकेटसकट उठला आणि इतरांना टाळ्या देत आत गेला.

बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले.

"पुरे," त्या म्हणाल्या. "मुलगा कॉलेजकडून खेळू शकतो. पुढचं प्रकरण घ्या."

वकीलबाईंनी दोघांचे हात जोरजोरात हलवले. बापलेक पार्किंगपर्यंत चालत आले. गाडीपाशी जमेल थांबला.

"सामन्यानंतर मी फोन केला तेव्हा तू कुठे होतास बाबा?"

"तिथेच, बाहेर. गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होतो."

"म्हणजे मी थापा मारतोय हे तुला तेव्हाच कळलं होतं?"

"हो."

"मग बोलला का नाहीस?"

रोलंड किल्ली चाचपत राहिला.

"आणि मी तर चारच मिनिटं सांगितली होती," जमेल म्हणाला. "तू सहा कुठून आणलीस?"

"नाड्या बांधून बसला होतास रे, लेका," रोलंड म्हणाला. "त्या कोचनं काही तुला उतरवलं नाही. मग मी उतरवलं."