कोऱ्या सहा विती

जर्मन मोटारींच्या नव्या शोरूममध्ये दस्तगीर पेंटर भिंतीवर कंपनीचा इतिहास रंगवत होते. एका वर्षाला एक वीत, हे त्यांचं माप.

“चाचा, एकोणीसशे एकोणचाळीसनंतर थेट शेहेचाळीस लिहा,” मॅनेजर म्हणाले. “युद्धात कंपनीनं कैदी राबवले होते. ते नको.”

“नसेल लिहायचं तर राहू दे. पण माप मी मोडणार नाही.” चाचांनी सहा विती कोऱ्या सोडल्या.

उद्घाटनाला जर्मनीहून आलेल्या संचालकबाई नेमक्या तिथंच थांबल्या. “हे कोरं का?” त्यांनी विचारलं.

मॅनेजरनी घाईघाईनं चाचांकडे बोट दाखवलं. “पेंटरचं काम राहिलंय.”

चाचांनी रंगानं भरलेला ब्रश मॅनेजरपुढं धरला. “माझं संपलं, साहेब. तुमचंच राहिलंय.”