नवीन फळी

आमच्या ह्यांनी गॅरेजमध्ये लाकूड कोरायचं, कॉम्प्युटरवर चालणारं मशीन उभं केलं, त्याला तीन वर्षं झाली. ते कुठल्या सॉफ्टवेअरवर चालवायचं, हे अजून ठरतंय. फुकटातलं घेतलं तर कमी पडेल, विकतचं घेतलं तर फसू, हे मी रोज जेवताना ऐकते. मशीनच्या सपाट फळीवर मी उडदाचे पापड पसरते. तेवढाच तिचा उपयोग.

मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये मात्र हे सगळ्यांचे 'सर'. कुणी कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं ते दोन मिनिटांत सांगून मोकळे.

परवा त्या ग्रुपमधल्या हुक्केरीबाई इचलकरंजीहून पेढे घेऊन आल्या. "सर, तुम्ही सांगितलं तेच सॉफ्टवेअर घेतलं. आता दारावरच्या पाट्या कोरते, दम खायला वेळ नसतो. तुमचं मशीन बघायचंय."

ह्यांचा चेहरा पडला. मी पळत जाऊन पापड उचलले.

बाईंनी फळीवरून हात फिरवला. "कोरून कोरून माझ्या फळीला चरेच चरे पडलेत. तुमच्या फळीवर एकही नाही, सर?"

हे माझ्याकडे बघायला लागले. मला मेली दया आली.

"कालच नवीन टाकली," मी म्हणाले.

बाई ह्यांना वाकून नमस्कार करून गेल्या. दोन पेढे खाऊन, तोंड पुसत हे म्हणाले, "घाई केली बाईंनी. पुढच्या महिन्यात नवं व्हर्जन येतंय."

मी पापड पुन्हा पसरले.