जुनं पायथन

बडा गणपतीजवळच्या ऑफिसात कस्तुरीनं सर्व्हरवर पायथन या प्रोग्रामिंग भाषेचं नवं व्हर्जन टाकलं आणि सगळ्यांदेखत श्रीहरीसरांना बजावलं, "सिस्टीमसोबत आलेलं जुनं काढू नका हं, सर. सिस्टीम त्याच्यावरच चालते."

"दो-दो कशाला पाहिजेत, भिया?" म्हणत सरांनी दुपारी तिच्यासमोरच जुनं स्वतःच्या हातानं उडवलं. सर्व्हर बसला. त्यावरची एका रक्तपेढीची रक्तदात्यांची यादी चार तास उघडलीच नाही.

संध्याकाळी मालकांनी जाब विचारला, तेव्हा सर शांतपणे म्हणाले, "नव्या शिखानं उडवलं, साहेब. कस्तुरीनं पाहिलंय. हो ना गं?"

शिखानं मोठ्या आशेनं कस्तुरीकडे पाहिलं.

सरांची शिसारी कस्तुरीला दुपारपासूनच येत होती. तरी होकारार्थी हलली, ती मान तिचीच होती.