एकाच बाळाचे सात अहवाल

टॉवेल कारखान्यातल्या सात गरोदर बायकांचे अहवाल सिस्टर शोभा गडेकरांनी सलग पाहिले आणि त्या तडक कारखान्याकडे निघाल्या. सातही पट्ट्यांनी एकाच बाळाची सोनोग्राफी पाठवली होती.

पोटाला बांधायचा हा पट्टा आता सक्तीचा होता. गर्भपिशवीचं तोंड वेळेआधी उघडू लागलं, की तो शोभाताईंच्या दवाखान्याला इशारा देई.

"बाळांच्या जिवाशी खेळताय तुम्ही," शोभाताई बायकांवर कडाडल्या. "कुणाचं पोट आहे हे?"

"माझं," पद्मा येमूल म्हणाली. "माझं सगळं ठीक आहे, म्हणून सगळ्यांचे पट्टे मीच बांधते."

"कशासाठी?"

"आमच्याबरोबर काम करणाऱ्या रेणुकाच्या पट्ट्यानं धोका दाखवला. तिला विश्रांती मिळावी म्हणून मालकालाही निरोप गेला. दुसऱ्या दिवशी त्यानं तिला कामावरून काढलं."

मालकाला निरोप जावा, ही सूचना शोभाताईंनीच केली होती.

त्यांनी एकेकीला स्वतः तपासलं. पाचवी अंबिका, सहावा महिना. तिच्या गर्भपिशवीचं तोंड उघडू लागलं होतं. त्यांनी रुग्णवाहिका बोलावून तिला आत झोपवलं, तेवढ्यात सुपरवायझर आडवा आला.

"काय निघालं हिला? आम्हाला कळवायचा नियम आहे."

"तो नियम मीच करायला लावला," शोभाताई म्हणाल्या. "आज मीच मोडतेय. बाजूला हो."

अंबिकाला दिवस भरल्यावर मुलगी झाली. शोभाताई तेव्हा निलंबित होत्या आणि नियम तसाच होता.