दाराजवळची घड्याळं

दुकानात दाराजवळ टांगलेली घड्याळं रोज पुढे जायची. आतली अगदी बरोबर चालायची. घड्याळजीचा संशय पायरीवर झोपणाऱ्या बेघर म्हाताऱ्यावर होता.

सकाळी शटर उघडताच त्याने हटकलं, "आजोबा, माझ्या घड्याळांना काय करता तुम्ही?"

म्हातारा उठून बसला. तोंडाचं बोळकं, केस पांढरेफटक.

"आजोबा काय म्हणता, दादा? गेल्या हिवाळ्यात 'ए पोरा, ऊठ' म्हणून तुम्हीच उठवायचात की. शेजारी झोपायचा तो परवा गेला. लोक म्हणाले, वय झालं होतं. माझ्याहून लहान होता तो."

"उगाच थापा मारू नकोस."

पण आवाज त्या पोराचाच होता. चेहरा नीट बघायला घड्याळजी वाकला आणि त्याने पायरीवर हात टेकला.

मनगटावरचा मिनिटकाटा गरगर फिरायला लागला.