पुढची बाई

"पण पुढे कोण उभं राहणार?" शिंप्याने विचारलं, आणि अकराही जणी एकदम आपापल्या चपलांकडे बघायला लागल्या.

शिंप्याच्या दुकानामागच्या खोलीत तालीम चालली होती. शिंपी स्वतः लाँड्रीचा मॅनेजर झाला होता. शिलाई मशीनमागे बसून तो डोळे वटारायचा, फळीवर हात आपटायचा, आणि बायका ओळीने आत येऊन म्हणायच्या, "आमचे पासपोर्ट परत द्या." परदेशातून कामाला आलेल्यांच्या हक्कांसाठी हा माणूस पंधरा वर्षं खपत होता, पण रागावणं काही त्याला जमत नव्हतं. दर वेळी कुणीतरी फिस्सकन हसायचं आणि सगळं मुसळ केरात जायचं.

हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या लाँड्रीत त्या कामाला होत्या. लागल्या त्याच दिवशी "इथे सुरक्षित राहील" म्हणून प्रत्येकीचा पासपोर्ट ऑफिसच्या कपाटात गेला होता. त्यांतल्या इस्त्रीवालीची आई तिकडे गावी अंथरुणाला खिळली होती. इस्त्रीवालीने तीनदा पासपोर्ट मागितला. "सीझन संपू दे," मॅनेजर तिन्ही वेळा म्हणाला. आई काय सीझन बघून थांबणार होती?

"एकटीने मागितलं की ती विनवणी होते," शिंपी म्हणाला. "अकराजणींनी मागितलं की ती मागणी. पण पुढची बाई अशी हवी, जिचे कागद तिच्या स्वतःच्या हातात आहेत. तिला तो काय घाबरवणार?"

अशी बाई लाँड्रीत एकच होती, सुपरवायझर मावशी. तिला इथे येऊन अठरा वर्षं झाली होती. इथली भाषा ती इथल्यांसारखी फाडफाड बोलायची. इथलं नागरिकत्व तिला केव्हाच मिळालं, असं सगळ्या म्हणायच्या. चादरीला एक सुरकुती राहिली तर ती अख्खा गठ्ठा पुन्हा मशीनवर चढवायला लावायची. अठरा वर्षांत ती एकदाही गावी गेली नव्हती. "हिच्या छातीत काळीज नाही, इस्त्री आहे," असं बायका कुजबुजायच्या, आणि इस्त्रीवालीचा आवाज त्यात सगळ्यांत मोठा असायचा.

म्हणून मावशीला विचारायलाही इस्त्रीवालीलाच पाठवलं. जेवणाच्या सुट्टीत मावशी चादरींच्या गठ्ठ्यावर बसून एकटीच जेवत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"मला यात ओढू नका."

इस्त्रीवालीचा तोल सुटला. "तुमचं काय जातंय हो मावशी? तुम्हाला कोण हात लावणार? आमच्यासारखं जीव मुठीत धरून जगावं लागलं असतं म्हणजे कळलं असतं!"

मावशीचा घास हातातच राहिला. झालं, आता ही आपली हजेरी घेणार, असं इस्त्रीवालीला वाटलं. पण मावशीने हळूच विचारलं, "आई बोलते का अजून?"

"फोनवर नुसतं हूं म्हणते."

मावशीने डब्याचं झाकण लावलं. आत अर्धं जेवण तसंच होतं. "उद्या दहाला जाऊ. अकराला हॉटेलची गाडी येते, त्याच्या आत."

दुसऱ्या दिवशी दहाला मशीनं बंद झाली. एवढी शांतता त्या लाँड्रीत कुणी कधी ऐकलीच नव्हती. ऑफिसात बाराजणी दाटीवाटीने उभ्या राहिल्या. आज कुणाला हसू आलं नाही. मॅनेजरला या लाँड्रीत येऊन दोनच वर्षं झाली होती. त्याने आधी मावशीकडे बघितलं.

"तुम्हीसुद्धा?"

"यांचे पासपोर्ट द्या, पाच मिनिटांत मशीनं चालू होतील," मावशी म्हणाली. "दुसऱ्याचा पासपोर्ट असा अडकवून ठेवणं कायद्यात बसत नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे."

"तुमचं काय, तुम्ही बोलायला मोकळ्या!" मॅनेजर खुर्चीत मागे रेलला. "मी एक फोन केला ना, तर या एकेकीला उद्याच्या उद्या परत पाठवतील."

"करा फोन," मावशी म्हणाली. "आणि पहिलं नाव माझं सांगा."

मागे उभ्या असलेल्या इस्त्रीवालीला हायसं वाटलं. बरं झालं हिला पुढे घातलं! आणि खरं सांगायचं तर थोडा हेवाही वाटला. कागद स्वतःजवळ असले की माणसाचा आवाज असा लागतो तर.

मॅनेजरने घड्याळ बघितलं, खिडकीतून बंद मशीनं बघितली. फोनकडे गेलेला त्याचा हात खिशाकडे वळला आणि किल्ली बाहेर आली.

यादी वाचत त्याने एकेक पासपोर्ट दिला. आपला हातात पडला तशी इस्त्रीवालीने तो छातीशी धरला आणि सगळ्यांसमोर हमसून हमसून रडली. आई भेटणार होती. अकरा नावं संपली. बायका दाराकडे वळल्या.

मॅनेजर कपाट लावता लावता थांबला. खालच्या खणात, जुन्या फायलींच्या मागे त्याच्या हाताला आणखी एक पासपोर्ट लागला. त्याच्या कडा पिवळ्या पडल्या होत्या, मुदत संपून आठ वर्षं झाली होती. फोटोत दोन वेण्या घातलेली एक तरुण मुलगी होती.

"यादीत तर अकराच आहेत," तो म्हणाला. "मग हा कुणाचा?"

"माझा," मावशी म्हणाली, आणि त्या दिवसात पहिल्यांदाच तिचा आवाज कापला.